फॅट किती लागली?

आमच्या गावाकडं, करवीर तालुक्यात, पहाटे सहाला डेअरीच्या दारात किटल्या घेऊन उभी असलेली माणसं एकमेकांना एकच प्रश्न विचारतात : "फॅट किती लागली?" फॅट म्हणजे दुधातली चरबी, टक्क्यांत. साडेसहा लागली तर ठीक, सात लागली तर चालण्यात ऐट येते, आणि सहाच्या खाली घसरली की घरी जाऊन पेंडीपासून वैरणीपर्यंत सगळ्याची झडती होते. म्हशीच्या दुधाचा दर सहा फॅट आणि नऊ एसएनएफ (चरबी सोडून दुधातले बाकीचे घन घटक) या पायावर ठरतो आणि त्यावरच्या प्रत्येक पॉइंटला पैसे वाढतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. माझा चुलतभाऊ दहा दिवसांचं बिल हातात आलं की आधी रक्कम बघत नाही, फॅटचा रकाना बघतो.

त्याच वेळी तिथून दहा-बारा किलोमीटरवर, कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठानं आमचे दाजी झपाझपा चालत असतात. त्यांच्याही तोंडी तोच शब्द. "फॅट उतरवायलोय," म्हणतात. फेरी संपली की रसाच्या गाड्यापाशी थांबायचं. गाड्यावर झाकणं लावलेली स्टीलची भांडी ओळीनं मांडलेली असतात : गाजर-बीट, दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर. छोटा पेला हातात आला की डोळे मिटून, नवसाचं तीर्थ घ्यावं तसा तो घ्यायचा.

एक जण फॅटवर घर चालवतो आणि दुसरा ती घालवायला पैसे मोजतो. दोघंही आपापल्या जागी शहाणेच आहेत. माझं भांडण या दोघांशी नाही. चरबीचं भय घालून आपल्याला रसाच्या पेल्यापर्यंत आणून सोडणाऱ्या विचाराशी आहे. गेली चाळीस-पन्नास वर्षं आपण तेला-तुपाचा थेंब न् थेंब मोजत आलो आणि साखरेचा हिशेब मात्र उघडलाच नाही. रसाचा उपवास हे त्याच विचाराचं शेवटचं टोक. त्यात चरबी शून्य, प्रथिनं जवळजवळ शून्य, आणि उरतं ते बहुतांशी साखरेचं पाणी.

मागच्या वर्षी दाजींनी सात दिवसांचं रसाहार शिबिर केलं. शिबिर कुणाचं ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण एक बंद पडलं तर पुढच्या चौकात दुसऱ्याचा फलक लागलेला असतो. सकाळी जाऊन दिवसभराच्या बाटल्या घेऊन यायच्या. सकाळी मोसंबी, अकराला गाजर-बीट, दुपारी शहाळं, चारला कलिंगड, संध्याकाळी दुधी आणि रात्री नुसतं लिंबूपाणी. दाजींना मधुमेह आहे, साखर उतरवणारी गोळी चालू आहे. गोळीचं काय करायचं, हे शिबिरात कुणी विचारलं नाही आणि दाजींनी सांगितलं नाही. चौथ्या रात्री तीनच्या सुमाराला ते घामानं निथळत उठून बसले, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. ताईनं घरातल्या मशिनवर बघितलं तर रक्तातली साखर ५२, धोक्याइतकी खाली. तिनं डब्यातली साखर चमच्यानं तोंडात घातली, म्हणून निभावलं. सकाळी शिबिरवाल्यांना फोन केला, तर उत्तर आलं, "घाबरू नका काका, विषद्रव्यं बाहेर पडायला लागलीत."

हे उत्तर मला त्या ५२ च्या आकड्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. बरं वाटलं तर रसाचा गुण. चक्कर आली, डोकं दुखलं, जीभ पांढरी पडली, तर विष बाहेर पडतंय. जो दावा कधी हरूच शकत नाही, तो तपासायचा कसा? हे विष म्हणजे नेमकं काय, ते रक्तात किती होतं आणि सात दिवसांनी किती उरलं, याचा एकही आकडा कुणी दाखवत नाही. शरीरातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडं जन्मापासून बिनपगारी राबतात. त्यांना मोसंबीच्या रसाची वाट बघावी लागत नाही.

आता पेल्यात काय असतं ते बघू. दोनशे मिलीलीटर मोसंबीच्या रसाला तीन-चार मोसंबी लागतात. सोलून खायला बसलो तर दुसरं संपता संपता आपण थांबतो. रस मात्र अर्ध्या मिनिटात पोटात जातो आणि त्याच्याबरोबर पंधरा-वीस ग्रॅम साखर. फोडीत ती साखर तंतूंच्या जाळ्यात अडकलेली असते, सावकाश सुटते. रसात ते जाळंच गाळून टाकलेलं. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ च्या शिफारशीत फळांच्या रसातली साखर चहातल्या साखरेच्याच खात्यात टाकली आणि दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम, असं सांगितलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत उसाच्या रसाचा वेगळा उल्लेख आहे : शंभर मिलीलीटरला १३ ते १५ ग्रॅम साखर, तेव्हा कमीत कमी प्या. कोल्हापूरकराला हे ऐकणं जड जातं, मलाही गेलं. गुऱ्हाळावर काहिलीच्या धगीपाशी उभं राहून आलं-लिंबू पिळलेला रस प्यायला नाही, तर इथं जन्म घेऊन केलं काय? तो प्यावाच, हौस म्हणून, वर्षातनं दोनदा. औषध म्हणून नको.

"पण वजन तर उतरलं ना?" दाजींचा सवाल. उतरलं. सात दिवसांत चार किलो. शरीर हाताशी असावी म्हणून थोडी साखर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, ढोबळमानानं अर्धा किलो. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. पोटात अन्न कमी गेलं की हा साठा आधी रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. काट्यावरचे पहिले दोन किलो तिथले. आतड्यात अन्नच नाही, त्याचं वजन वेगळं. आणि डाळ-दूध-अंडं काहीच पोटात नसल्यानं थोडे स्नायूही झिजतात. चरबी म्हणून जे गेलं, ते थोडंच. पंधरा दिवसांत तीन किलो परत आले. दाजींनी दोष दिला ताईच्या हातच्या भाकरीला.

आणखी एक गोष्ट शिबिरात सांगत नाहीत. पित्ताशय पित्त साठवून ठेवतं आणि जेवणातली चरबी आतड्यात उतरली की आकसून ते सोडतं. दिवसचे दिवस चरबीचा थेंबही आला नाही तर पित्त तिथंच साचून घट्ट होतं. झपाट्यानं वजन उतरवणाऱ्यांत पित्ताशयाचे खडे जास्त आढळतात, त्यामागच्या कारणांतलं हे एक. म्हणजे ज्या तेलाच्या थेंबाला आपण घाबरतो, तो न मिळाल्यानंही शरीराचं काम अडतं.

दुधीबद्दलही सांगून ठेवतो, कारण रंकाळ्यावर सगळ्यात जास्त खप त्याचाच. दुधी कधीकधी कडू निघतो. भाजीत कडू लागला तर आपण टोप बाजूला सारतो. रसात मात्र कडू म्हणजे औषधी, असं समजून नाक दाबून पितो. त्या कडवटपणात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. अशा रसानं भारतात माणसं दगावली आहेत, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला त्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमावी लागली, आणि कडू लागलेला रस टाकून द्या, असा सल्ला तिनं दिला. कारल्यात मिसळलेल्या दुधीचा कडूपणा ओळखणार कसा, हे गाडेवाल्यालाच विचारा.

मग लोकांना बरं का वाटतं? वाटतं, यात खोटं नाही. आठ दिवस फरसाण बंद, खारी-बटर बंद, रात्री अकराला जेवण बंद, दारू बंद. एवढं बंद केल्यावर नुसता वरणभात खाल्ला असता तरी बरं वाटलं असतं. श्रेय मात्र जातं पेल्याला. संयमाची भूक माणसाला असते, ती खरी आणि जुनी आहे. आपल्या एकादशीला ती भागायची. पुढं एकादशीची झाली साबुदाण्याची खिचडी, आणि मोकळी झालेली जागा रसवाल्यांनी पटकावली. महात्मा गांधींनी १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केला तो खेड्यातल्या गरिबांसाठी, माती-पाणी-ऊन या फुकटच्या साहित्यावर. आज त्याच नावाखाली सात दिवसांच्या बाटल्यांचं पॅकेज विकलं जातं.

चरबीचं हे भय आलं कुठून? सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि अख्खा देश आपापल्या छातीकडं बघायला लागला. अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं १९५८ पासून सात देशांतल्या पुरुषांचा आहार आणि हृदयविकार यांचा माग काढला, संपृक्त चरबीकडं (तूप, लोणी, खोबरेल यांत जास्त असते तिच्याकडं) बोट दाखवलं आणि १९६१ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. १९७७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीनं चरबी कमी खा, असं देशाला सांगितलं. १९८४ मध्ये त्याच टाइमच्या मुखपृष्ठावर बशीत अंड्यांचे डोळे आणि रडवेलं तोंड होतं. २०१४ मध्ये तिथंच लोण्याचा गोळा आला आणि मजकूर होता, लोणी खा. तीस वर्षांत निकाल फिरला, असं लोकांना वाटलं. फिरला नव्हता, तो पहिल्यापासून अर्धवट ऐकला गेला होता. कीज तेल सोडा म्हणत नव्हता. तो स्वतः इटलीत राहून ऑलिव्हच्या तेलात भाज्या खात होता आणि २००४ मध्ये शंभरी ओलांडून गेला.

आपल्याकडं ही लाट आली तेव्हा तूप तर तसंही महाग होतं. त्याची जागा १९३७ पासूनच डालडा घेत होता. वनस्पती तेलात हायड्रोजन घालून ते थिजवायचं, की दिसायला तूप. त्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होते. ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमी करते, हे हॉलंडमधल्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं. आपल्याकडं तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर यायला १ जानेवारी २०२२ उजाडलं. म्हणजे माझ्या आईच्या पिढीनं हृदयाला जपायचं म्हणून तूप सोडलं आणि दिवाळीचे शंकरपाळे त्याहून वाईट चरबीत तळले. तिला दोष कसा देणार? डब्यावर तर हिरवं झाड होतं.

आता उलटी लाट आहे. तूप म्हणजे अमृत, खोबरेल म्हणजे अमृत, चहात लोणी घालून प्या. याही लाटेत मी उडी मारणार नाही. तुपात साठ टक्क्यांच्या वर संपृक्त चरबी असते, खोबरेल तेलात नव्वदच्या आसपास, आणि तिचं प्रमाण वाढलं की वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, हे आजही तितकंच खरं आहे. प्रश्न चरबी किती याच्याइतकाच कुठली आणि कशाच्या जागी, हाही आहे. अमेरिकेत सुमारे ४९ हजार स्त्रियांवर आठ वर्षं चाललेल्या चाचणीचा निकाल २००६ मध्ये आला. त्यात चरबी कमी करणाऱ्या गटाचा हृदयविकार लक्षणीय घटला नाही. उलट स्पेनमध्ये साडेसात हजारांच्या आसपास लोकांवर झालेल्या चाचणीत ऑलिव्ह तेल किंवा मूठभर सुकामेवा रोज खाणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि त्यांनी होणारे मृत्यू मिळून जवळपास तीस टक्क्यांनी कमी निघाले. या चाचणीच्या गटवारीत गफलती सापडल्या म्हणून २०१८ मध्ये तो निबंध मागं घेऊन दुरुस्त करून पुन्हा छापावा लागला. निष्कर्ष बदलला नाही. चूक कबूल करून पुन्हा छापणं मला रसवाल्यांच्या 'विषद्रव्यां'पेक्षा फार भरवशाचं वाटतं.

"पण ऑलिव्ह तेल कुणाला परवडतंय?" ताईनं विचारलं होतं. नकोच आहे ते. तिच्याच फडताळात जवसाची चटणी आहे, कारळ्याची आहे, तीळकूट आहे, शेंगदाण्याची तर कोल्हापुरात घरटी असतेच. घाण्यावरच्या शेंगतेलात निम्म्याच्या आसपास एकल असंपृक्त चरबी असते, ऑलिव्हच्या गोत्रातली. जवसात ओमेगा-तीन. ही चटणी, तिच्यावर कच्च्या तेलाची धार आणि भाकरी, यात चरबी आहे, तंतू आहेत, थोडीफार प्रथिनंही आहेत. परदेशी सुकामेव्याचा काचेचा डबा आणून ती मूठ मोजायची गरज नाही. आमची आजी चटणी खलबत्त्यात कुटायची. कुटता कुटता शेंगदाण्यानं तेल सोडलं की दाणा ओलसर, चकचकीत व्हायचा, आणि ती म्हणायची, "आता झाली." चरबी दिसली की पदार्थ झाला, हा तिचा हिशेब.

आणि रसात जे शोधायला आपण जातो, तेही घरातच सांडलेलं असतं. गाजराचा केशरी रंग म्हणजे कॅरोटीन. ते आतड्यातून रक्तात जायला चरबी लागते. आयोवात २००४ साली एक साधा प्रयोग झाला. माणसं मोजकीच होती, पण निकाल स्पष्ट. बिनतेलाच्या मसाल्याबरोबर कच्च्या भाज्या खाल्ल्या तर हे रंग रक्तात जवळजवळ पोचलेच नाहीत, तेलाबरोबर पोचले. गाजराची कोशिंबीर, वर दाण्याचं कूट, मोहरी-हिंगाची चमचाभर फोडणी. हे ज्या बाईनं पहिल्यांदा केलं, तिनं ना प्रयोगशाळा पाहिली होती ना शिबिर. तांबड्या रश्श्याचंही तेच. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, म्हणून तर कट वर तरंगतो. कट काढून टाकून "डाएटचा तांबडा" मागणाऱ्याला मसाल्याचं पाणी मिळतं.

म्हणून रोज वाटीभर कट प्या, असं मी म्हणतोय असा अर्थ कुणी काढू नये. काढणारे आहेत. लगेच पैलवानांचा दाखला येतो : खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरणारी पोरं तूप, बदामाची थंडाई, कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पितात, त्यांना काय होतंय? भावा, ती पोरं पहाटे चारला उठून हजारात बैठका मारतात. आपण रंकाळ्याला एक फेरी मारून स्कूटीवर घरी येतो. दिवसभर खुर्चीत बसून पैलवानाचं ताट मागायचं, हा सरळ सरळ लबाडीचा मामला आहे. एक ग्रॅम चरबीत नऊ कॅलरी असतात, साखरेत आणि प्रथिनात चार. हे गणित कुस्ती न खेळणाऱ्याला सोडत नाही.

खरी काळजी घ्यायची जागा वेगळीच आहे आणि तिथं कुणी फलक लावत नाही. संध्याकाळी वड्याच्या कुठल्याही गाड्यापाशी उभे राहा आणि कढईकडं बघा. तेल काळपट, कडेला फेस, धूर डोळ्यांना झोंबणारा. सकाळच्या तेलात दुपारी नवीन तेल ओतलेलं, रात्री उरलेलं उद्याला. वारंवार तापवलेल्या तेलात पोलर कंपाउंड्स नावाची घातक द्रव्यं साठत जातात आणि ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. तपासायला हातात मावणारं यंत्र मिळतं, कढईत बुडवलं की आकडा दाखवतं. डेअरीच्या दारात गेली कित्येक वर्षं किटलीगणिक फॅट मोजणाऱ्या या जिल्ह्याला कढया मोजणं जड का जावं? महिन्यातून एकदा खाऊगल्लीत यंत्र फिरवा, आकडा गाड्यावर खडूनं लिहा. लोक आपोआप रांग बदलतील.

दुसरी मागणी जाहिरातींची. मधुमेह बरा करून दाखवतो, अशी औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. शिबिरवाले म्हणतात, आम्ही औषध कुठं देतो, रस देतो. मग रसवाल्यांनी 'मधुमेहमुक्ती' हा शब्दही लिहू नये. सार्वजनिक मैदान, शाळा, सभागृह अशा शिबिराला भाड्यानं देताना दोन अटी घाला : येणाऱ्याची औषधं नोंदवून घेणारा नोंदणीकृत डॉक्टर जागेवर हवा, आणि मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण असलेल्यांना प्रवेश नको. बाटलीवर साखर किती ग्रॅम ते लिहा. पाकीटबंद रसावरचा 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं जून २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं, मग शिबिरातल्या बाटलीलाच सूट कशासाठी? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे दहा कोटींहून जास्त रुग्ण आहेत. शिबिरवाल्यांचं गिऱ्हाईक तेच, आणि रसानं सगळ्यात जास्त धोकाही त्यांनाच.

दाजी अजूनही रंकाळ्यावर जातात. परवा त्यांच्याबरोबर गेलो होतो. त्यांनी पेला घेतला, मी नको म्हटलं आणि गाड्यामागं ठेवलेल्या बादलीकडं बघत राहिलो. गाजर-बीटाचा चोथा काठोकाठ भरलेला, लालभडक, ओला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जीवाणू हेच तंतू आंबवतात आणि त्यातूनच पुढं कासेत दुधाची बरीचशी चरबी तयार होते. गाडेवाल्याला विचारलं, "हे एवढं जातं कुठं?"

"घरच्या म्हशीला. कारल्याचा तेवढा बाजूला ठेवतो, ती तोंड लावत नाही."

"फॅट किती लागतीय?"

दाजींच्या पेल्यावरनं फडकं फिरवत तो हसला. "काल सात-दोन लागली."